पांघरलेलं आवरण

“पुन्हा करा चाचणी,” डॉ. वत्सला काळसेकर म्हणाल्या.

“दोनदा केली, मॅडम,” डॉ. मुजावर म्हणाले. “तुमच्या पेशी इराच्या रक्तात सोडल्या की फुटून जातात. तुमची किडनी तिला बसवली तर टेबलावरच काळी पडेल.”

मंगळवसाहतीच्या त्या छोट्या रुग्णालयात मूत्रपिंड बदलण्याचं काम एकटे मुजावरच करत. वत्सलाबाई विषाणूतज्ज्ञ. हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि आपलं काही चुकलं असेल हे मानणं तर मुळीच नव्हतं. नवरा साथीत गेलेला. इरा ही एकुलती मुलगी, तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. पृथ्वीपर्यंतचा प्रवास तिला झेपला नसता.

“अहो, मी तिची आई आहे.”

“म्हणून तर तिच्या पेशींवरची अर्धी प्रथिनं तुमची. तुमची उरलेली अर्धी तिला मिळाली नाहीत, ती तिला परकी. तेवढं औषधांनी निभावतं. पण इराच्या रक्तात नेमकी त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीजची, फौज उभी आहे. कुणी शिकवल्याशिवाय एवढी तयारी होत नाही. मॅडम, साथीत तुम्ही केलेली लस कशात वाढवली होती?”

वसाहतीत ना कोंबड्यांची अंडी, ना माकडांच्या पेशी. विषाणू वाढवायला वत्सलाबाईंनी स्वतःच्याच पेशी दिल्या होत्या. तेव्हा त्यांचं केवढं कौतुक झालं होतं, आणि त्यांनी ते मनसोक्त करून घेतलंही होतं.

“विषाणू पेशीत शिरतो,” वर्गात शिकवावं तशा त्या म्हणाल्या, “तिच्याच प्रथिनांना कामाला जुंपतो, आणि बाहेर पडताना तिचंच आवरण पांघरून निघतो.”

“त्या आवरणात तुमची प्रथिनं होती. तुम्ही विषाणू मारला, पण आवरणासकट टोचला. शरीरं त्याला ओळखायला शिकली, आणि तुम्हालाही.”

पोटच्या पोरीला आपणच आपल्याविरुद्ध उभं केलं, या विचाराने वत्सलाबाईंचा जीव कासावीस झाला. रडावंसं वाटत होतं, पण मुजावरांसमोर त्या रडल्या नाहीत.

दार ढकलून शेवंता आत आली. तिचा नवरा केरबा हरितगृहात माळी होता आणि इराच्या शेजारच्याच खाटेवर किडनीची वाट बघत पडून होता.

“बाई, माझी ह्यांना चालत नाही, रक्तगट वेगळा पडतो. पण इराला चालतीय म्हणतात,” ती म्हणाली. “मी तिला देते. तुम्ही तुमची ह्यांना द्या. नाहीतर मग मला जमायचं नाही. ह्यांच्याकडं कोण बघणार?”

वत्सलाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मुजावरांकडे पाहिलं, तर ते मान खाली घालून उभे. मग त्यांच्याही ध्यानात आलं.

“शेवंता, केरबाने लस घेतली होती का गं?”

“घेतली की. सुईला भ्यायले होते, तर तुम्हीच हात धरून टोचलीत,” शेवंता कौतुकाने म्हणाली. “वसाहतीतलं एक माणूस सोडलं नाहीत तुम्ही, बाई.”