पत्र्याशेजारचं फुलपात्र

या, या. मुकुंद, तू पुढं ये. आणि हा सिदू ना, गुरुसिद्धप्पांचा धाकटा? लई उंच झालास की रे. बसा दोघं चटईवर. पत्रा न्यायला आलात, ठाऊक आहे मला. सकाळीच निरोप मिळाला, की काका, आमचा रेडिओ जुळून तयार आहे, आता जमिनीत पुरायला तेवढा तुमचा तांब्याचा पत्रा पाहिजे. तो बघा कोनाड्यात उभा आहे. हात लावू नका अजून.

थांबा, दिवेलागण झाली. आधी एक काम उरकतो. सिदू, तू समोरच बसलायस, नीट बघ. हे फुलपात्र. हे नळाचं पाणी, गोडं. काठोकाठ भरलं. वर ही पितळी झाकणी. ठेवलं पत्र्याशेजारी. बघितलंस? बरं. कशाला, ते सांगतोच.

आधी तुमच्या यंत्राचं बोलू. एरिअल किती उंच बांधलीय? पंचवीस फूट? चालेल. दोन्ही टोकांना चिनी मातीचे मणी घाला, सुतळीनं बांधून मोकळे होऊ नका. विजेच्या तारेला समांतर नेऊ नका, आडवी न्या, नाहीतर रात्रभर नुसती घरघर ऐकत बसाल. आभाळ गडगडायला लागलं की एरिअल यंत्रातून काढायची, जमिनीच्या तारेला जोडायची आणि लांब जाऊन बसायचं. तिथं शौर्य दाखवायचं काम नाही. पुढंमागं सरकारी परवाना काढून स्वतः संदेश पाठवायला लागलात, तर आधी पाच मिनिटं ऐकायचं, मगच संदेश ठोकायच्या किल्लीला हात लावायचा. आणि वही ठेवा. तारीख, वेळ, काय ऐकलं, कसं ऐकलं. मी तीस वर्षं रेल्वेच्या तारऑफिसात घालवली. ज्याची वही नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

राहिली जमिनीची तार. तिला आपण अर्थ म्हणतो. ती कुठं पुरणार? तुमच्या घरामागच्या परड्यात ओली जागा आहे म्हणतोस, मुकुंद? या मे महिन्यात?

तिथं पाणी कोण घालतं?

माहीत नाही. बघा, इथंच चुकतं. हसू नकोस मुकुंद. हाच प्रश्न माझ्या मित्रानं विचारला नाही.

वेणीमाधव त्याचं नाव. इथल्या एका शाळेत सायन्स शिकवायचा. माणूस सरळ, पण बिनतारी यंत्राचं वेड असं की जेवताना बोटं ताटावर कट्ट-कड करायची. त्याच्याकडं संदेश पाठवायचा रीतसर परवाना होता. दोन वर्षं रोज रात्री किल्ली ठोकून हाका मारायचा आणि एकाही परदेशातून कुणी उत्तर दिलं नव्हतं. मी त्याला चिडवायचो, की अरे, तुझं बाहेर काही जातच नाही, तू आपला पाळीव डासांना तारा करतोस. तो म्हणायचा, दोष अर्थचा आहे. खरंच होतं ते. सोलापूरची जमीन, वर वीतभर माती नि खाली मुरूम. उन्हाळ्यात खडखडीत. तिथं तार पुरली काय नि भिंतीला टांगली काय, सारखंच.

तो भवानी पेठेत पार्वतम्मांकडं मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा. कानडी बाई, विधवा, एकटी. पुढच्या सोप्यात दोन माग चालवायची. परड्याच्या एका कोपऱ्यात ती रोज तिन्हीसांजेला तांब्याभर पाणी ओतायची. तिथं झाड नव्हतं, रोप नव्हतं, गवताची काडीसुद्धा नव्हती. वेणीमाधवनं चार वर्षं ते पाहिलं आणि एकदाही विचारलं नाही. त्याला एवढंच दिसलं की अख्ख्या परड्यात तेवढीच जागा ओली असते.

चौतीस सालचा मे. सहा तारीख, रविवार. पार्वतम्मांची बहीण अक्कलकोटला आजारी पडली म्हणून त्या आठ-दहा दिवसांसाठी निघाल्या. जाताना याला म्हणाल्या, "मास्तर, येक काम करा की. दिवं लागले की त्या कोपऱ्यात येक तांब्या पानी घाला. गोडं. आडाचं खारं नगं. आणि चुकवू नगा."

हा म्हणाला, "घालतो. पण कशाला?"

बाई दारात थांबल्या. म्हणाल्या, "तान लागती." आणि गेल्या.

यानं काय केलं? बाईंचा टांगा वळला आणि यानं कुदळ घेतली. हातभर खणल्यावर एक सपाट फरशी लागली. त्या फरशीवरच यानं हा पत्रा आडवा ठेवला, तार जोडली. आणि मग आपण रेडिओवाले जे करतो ते केलं. पत्र्याभोवती कोळसा आणि जाडं मीठ. मिठानं जमिनीतून वीज बरी जाते, पुस्तकात लिहिलेलं असतं. तुम्हीही आणून ठेवलं असेल मीठ. आणलंय ना? वाटलंच.

पुढं पाण्याचं. त्यानं विचार केला, पाणी तर रोज घालायचंच आहे. मग मीठ कालवलेलं घातलं तर बाईंचंही काम होतं आणि आपलंही. आडाचं एक बादली पाणी, त्यात दोन ओंजळी मीठ. रोज दिवेलागणीला. शब्द पाळला म्हणून वर समाधान. बाईंनी गोडं म्हटलं होतं, ते यानं सोडून दिलं.

पहिल्या रात्री यंत्र असं चाललं की विचारू नका. घरघर नाही, खरखर नाही. रंगून, सिलोन, कुठल्या कुठल्या बोटी. सोमवारी माझ्याकडं नाचत आला होता. मंगळवारी पुन्हा आला. म्हणाला, "एकनाथ, दोन स्टेशनांच्या मधल्या शांततेत कसलासा आवाज येतो." मी म्हटलं, कसला? तर म्हणाला, "कुणीतरी कोरड्या जिभेनं टाळू चाटावी तसा."

मी म्हटलं, यंत्रातला व्हॉल्व्ह खराब झाला असेल.

असला आवाज शोधायची रीत आहे, ती लक्षात ठेवा. एका वेळी एकच तार सोडवायची आणि ऐकायचं. बुधवारी रात्री त्यानं तेच केलं. हेडफोन बदलला. आवाज होता. बॅटरी बदलली. होता. एरिअल सोडली. सगळी स्टेशनं बंद झाली... आवाज होता. मग त्यानं अर्थ सोडली.

आवाज बंद.

परत जोडली. परत सुरू.

म्हणजे तो आभाळातून येत नव्हता.

शहाणा माणूस असता तर तिथंच थांबला असता. पण हा मास्तर. त्यानं वहीत लिहिलं, 'जमीन सुकत आहे, मीठ वाढवणे.' गुरुवारी दोन बादल्या ओतल्या. त्या रात्री चाटण्याचा आवाज गेला आणि रडणं सुरू झालं. मोठ्यानं नव्हे. घसा बसलेलं, दमलेलं रडणं. लहान पोर असेल दीड-दोन वर्षांचं. आणि आणखी एक गोष्ट. यंत्राशेजारी हा प्यायच्या पाण्याचा तांब्या ठेवायचा, तो उठताना बघितला तर रिकामा. शुक्रवारीही तसंच. म्हणाला, उकाड्यात प्यालो असेन मीच. मला हे तेव्हाच सांगितलं असतं, तर कान धरून पत्रा काढायला लावला असता. पण दोन वर्षांनी यंत्र चाललं होतं, ते बंद करवेना त्याला. आणि त्याचा मला आजही राग येतो.

शनिवार, बारा तारीख. दुसऱ्या दिवशी अमावस्या. रात्री बारा वाजून पन्नास मिनिटांनी त्याच्या हाकेला उत्तर आलं. मलायातला कुणी मळेवाला. पहिलं परदेशी उत्तर! वेणीमाधव किल्लीवर वाकला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आवाज कसा येतो विचारलं. पलीकडून उत्तर आलं, 'छान, स्पष्ट.' मग थोडं थांबून पुन्हा टूं-टूं सुरू झालं. हा एकेक अक्षर वहीत लिहीत गेला. एक वाजून चार मिनिटं. ती वही मी डोळ्यांनी पाहिलीय.

'तुझ्याकडं मूल रडतंय. त्याला पाणी दे.'

पोरांनो, नीट ऐका. किल्लीनं पाठवलेल्या संदेशातून आवाज जात नाही. नुसती शिट्टी जाते, लांब आणि आखूड. शेजारी तोफ उडवली तरी पलीकडं कळायचं नाही. त्या मळेवाल्याला रडणं ऐकू येणं शक्यच नव्हतं.

वेणीमाधवनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

रडणं चालूच होतं.

आता परड्यातून.

त्यानं तांब्या उचलला. रिकामा. कळशी रिकामी. माठात हात घातला... तळ कोरडा. सकाळी भरलेला माठ. नळाला पाणी पहाटे सहाला. घरात पाणी होतं ते एकच, मिठाच्या बादलीतलं. आणि बाहेर ते पोर...

मी तेव्हा दोन गल्ल्या पलीकडं, अंगणात खाट टाकून झोपायचो. हा अनवाणी धावत आला. मला हलवून एवढंच म्हणाला, "पाणी दे. गोडं." ओठ फुटले होते त्याचे. मी पुढं केलेला पेला त्यानं घेतला नाही. म्हणाला, "मला नको."

मी भरलेली कळशी खांद्यावर घेतली. त्यानं कंदील धरला.

परड्यात शिरलो. रडणं नव्हतं. काहीच नव्हतं. रातकिडासुद्धा नाही. त्या कोपऱ्यात मीठ वर आलं होतं. पांढरं. आम्ही हातांनी माती उकरली. पत्रा निघाला. संध्याकाळीच दोन बादल्या ओतलेल्या, पण खालची फरशी तव्यासारखी कोरडी. फरशी आम्ही हलवली नाही. मी कळशी तिरकी केली.

पाणी पसरलं नाही.

धार पडत होती, आणि तिथल्या तिथं जात होती. अख्खी कळशी. फरशीला फट नव्हती, पोरांनो. मी बोट फिरवून बघितलं. आणि मग खालून... नाही. तो आवाज मी सांगणार नाही. तुम्ही घरात तान्ह्या पोराला पाणी पाजताना ऐकला असेल.

पहाटेच्या गाडीनं पार्वतम्मा आल्या. दोन दिवस आधीच. कुणी कळवलं नव्हतं. कोपऱ्यातलं मीठ त्यांनी बघितलं, आणि होत्या तिथंच खाली बसल्या. आरडाओरडा नाही, शिवी नाही. माती हातात घेऊन म्हणाल्या, "माझी महादेवी हाय हितं. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत गेली. दोन वर्सांची व्हती. पेठेत घरटी मानूस मेलेला, न्यायला कोन येईना, म्हनून हितंच पुरली. ताप व्हता. वैद्य म्हनला, पानी दिऊ नगा. रातभर मागत व्हती. म्या दिलं न्हाय."

सोळा वर्षं ती बाई त्या एका रात्रीचं पाणी देत होती.

वेणीमाधव त्यांच्या पायाशी बसून रडला. त्या त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "म्या दिलं न्हाय. तुमी खारं दिलं. आता ती कुनाकडं मागंल, मास्तर?"

मला तिथं थांबवेना. घाईत रिकाम्या कळशीबरोबर हा पत्राही माझ्या हातात घरी आला. रविवारी संध्याकाळी याच्याशेजारी मी प्यायला फुलपात्र भरून ठेवलं आणि विसरलो. आठवण झाली तेव्हा ते रिकामं होतं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी झाकणी घातली. तरी रिकामं.

गोडं पाणी कुणी दिलं होतं, ते तिला कळलं होतं.

मी जाऊन पार्वतम्मांना सांगितलं.  संध्याकाळी त्या हे फुलपात्र घेऊन आल्या, स्वतः भरलं, आणि दिवा विझेपर्यंत कोनाड्यासमोर बसल्या. पुढं मी इकडं सात रस्त्याजवळ राहायला आलो, तरी त्या रोज चालत यायच्या. ऊन असो, पाऊस असो. गेल्या सालच्या पौषात गेल्या. शेवटी मला बोलावून घेतलं आणि दोनच शब्द म्हणाल्या. "चुकवू नगा."

वेणीमाधवनं परवाना सरकारला परत केला. त्या मळेवाल्याचं कार्ड मात्र दोन महिन्यांनी पोस्टानं आलं. हे लोक संभाषण झाल्याची खूण म्हणून कार्ड पाठवतात. तारीख, वेळ, आवाजाची ताकद, सगळं बरोबर होतं. आपल्या वेळेनं बघितलं तर बारा वाजून पन्नासला सुरू, बारा अठ्ठावन्नला समाप्त, असं लिहिलं होतं. एक वाजून चार मिनिटांनी कोण बोललं, ते त्यात नव्हतं.

तर असं आहे. माझं वय झालं. पत्रा मी कुणाला तरी देणारच आहे. चांगला जाड आहे, अर्थ झकास लागेल. पण तो नेलात तर फुलपात्रही न्यावं लागेल. रोज दिवेलागणीला. तुमची परीक्षा असो, लग्न असो. जमेल?

बोला की.

बरं... मघाशी भरताना बघितलं होतंस ना, सिदू? काठोकाठ होतं. आपल्यातलं कुणी जागचं उठलेलं नाही. मग काढ झाकणी. काढ रे.

...

व्हय. रिकामंच असतं.

काय? तळाला काय आहे? कंदील जवळ आण, मुकुंद. चार वर्षांत तळाला कधी काही राहिलं नव्हतं...

पांढरं आहे. खडे आहेत.

सिदू, थांब, जिभेला लावू नकोस...

खारट आहे?

मुकुंद, खरं सांग. ते मीठ तुम्ही नुसतं आणून ठेवलंय, की कुणीतरी रोज पाणी घालतं त्या ओल्या जागेत आधीच घातलंय?