घरच्या माणसांखेरीज

खरं तर चंद्रप्पा मिस्त्री यायचे होते. साठी उलटलेले, कानाने जरा कमी, आणि गुरम्माच्या होस्टेलचा जिना चढायची मुभा असलेले बाहेरचे एकमेव पुरुष. पण बुधवारी सकाळी फाटक वाजलं, गुरम्माची लेक शिवकन्या बघायला गेली, तर दारात खांद्यावर ड्रिल मशीनची पिशवी अडकवलेला एक उंचसा तरुण. कपाळावर विभूतीच्या ताज्या रेघा.

"मामाचा पाय मुरगळलाय. मी त्यांचा भाचा, रविकिरण. निलंग्याचा..." एवढं तो एका दमात बोलला आणि पुढचं विसरला. शिवकन्येचे नुकतेच धुतलेले केस पाठीवर मोकळे होते, हे त्यामागचं खरं कारण. तिलाही ते कळलं, आणि तिने केस बांधले नाहीत.

लातुरातल्या क्लासवाल्या गल्लीतलं हे मुलींचं होस्टेल. वरच्या मजल्यांवर साठ मुली, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. परवाच्या पालकसभेत धर्माबादच्या एका वडिलांनी विचारलं होतं, "बाथरूमला गॅस गीझर हाय, मग धुराचा अन् गॅसचा अलार्म कुठाय?" कुणाचंही न ऐकणाऱ्या गुरम्माने दुसऱ्याच दिवशी चोवीस डिटेक्टर आणवले. पण जिन्याजवळची पाटी मात्र जागची हलली नाही: 'घरच्या माणसांखेरीज पुरुषांनी जिना चढू नये.'

"मग तू परत जा बाबा," गुरम्मा म्हणाली. "मामाचा पाय बरा झाला की त्यालाच पाठव."

"अव्वा, मी बसवते की," शिवकन्या आईला म्हणाली. "हे खालून सांगतील."

आपण हे का बोललो, ते तिचं तिलाही कळलं नाही.

खालचे चार रविकिरणने बसवायचे, वरचे वीस शिवकन्येने, असं ठरलं. मुली क्लासला गेल्या की दोन तास. तो पहिल्या पायरीला पाऊल न लावता मान वर करून उभा राही, आणि ती वर शिडीवर.

"मशीन दाबू नका, मॅडम. त्याला त्याचं काम करू द्या."

"मी दाबतेय, हे तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून कळतं की. आता भोकात प्लास्टिकची गिट्टी ठोका... हळू. मग स्क्रू. मग डिटेक्टर फिरवून बसवा, टक् वाजलं की झालं."

टक् वाजलं. शिवकन्येला इतका आनंद झाला की ती शिडीवरूनच हसली, आणि ते हसू जिन्यातून घरंगळत खाली गेलं.

"कार्बन मोनॉक्साइडचं पण इथंच लावायचं का?" तिने विचारलं.

"ते गीझरच्या बाथरूमबाहेर. लई बेकार गॅस हाय तो. रंग न्हाई, वास न्हाई. माणसाला पत्ताच लागत न्हाई काय होऊन राहिलं ते."

"खरंय," ती म्हणाली. तिलाही सकाळपासून काय होऊन राहिलं, त्याचा पत्ता लागत नव्हता.

खरी गंमत गुरुवारी झाली. खालच्या खोलीत, जिथे डिटेक्टर लावायचा, त्याच भिंतीच्या फळीवर गुरम्माचा पितळी तांब्या होता. पालथा घातलेला, त्याच्या बुडावर एक वाटी, वाटीवर दुसरी वाटी. भूकंपात किल्लारीकडचं तिचं माहेर गेलं, तेव्हापासून ती रोज हे रचून ठेवी. जमीन जराशी हलली की खडखडाट व्हावा आणि लेकरं बाहेर काढता यावीत म्हणून. तीस वर्षांत तो फक्त मांजराने पाडला होता. तरी पाहुणे हसत, आणि गुरम्मा त्यांच्याकडे दुर्लक्ष करी.

रविकिरण हसला नाही. त्याने हात धुतले, वाट्या आणि तांब्या दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवले, भिंतीला भोकं पाडली, धूळ पुसली आणि मग दहा मिनिटं श्वास रोखून सगळं जसंच्या तसं रचलं.

"मावशी, हे मशीन धूर सांगतं. जमीन हललेली त्याला कळत न्हाई," तो म्हणाला. "तुमचा तांब्या लागंलच."

त्या दिवशी चहाबरोबर धपाटंही आलं. आणि दाराआड उभ्या असलेल्या शिवकन्येचं मन मात्र त्या दहा मिनिटांत कायमचं गेलं.

शुक्रवारी सकाळी उदगीरहून फोन आला. डाळमिलवाली मंडळी रविवारी तिला बघायला येणार होती. त्या दिवशी वर ड्रिल सुरू होऊन लगेच थांबलं.

"आज तुमचं चित्त थाऱ्यावर न्हाई," खालून आवाज आला.

"मशीननं सांगितलं वाटतं?"

"हाव."

"मग का न्हाई, ते पण मशीनलाच विचारा," ती म्हणाली. पण राहवेना. "रविवारी मला बघायला येणारेत... उदगीरचे."

खालून हळूच, "हं... गिट्टी नीट ठोका."

इतकंच. शिवकन्येला त्या गिट्टीचा भयंकर राग आला.

शनिवारी एकच डिटेक्टर उरला, चोविसावा. तो बसला की काम संपणार, पिशवी खांद्याला लागणार आणि हा माणूस निलंग्याला जाणार. ती शिडीवर चढली, तशीच उतरली आणि डिटेक्टर हातात घेऊन अर्ध्या जिन्यापर्यंत आली.

"हे माझ्याच्यानं न्हाई होत. तुम्हाला वर यावं लागंल."

"एकोणीस बसवलेत, अन् हे न्हाई होत?"

"न्हाई होत."

"पण... पाटी हाय ना. घरचा माणूस लागतो."

"मग व्हा की," शिवकन्या म्हणाली. म्हणून बसली, आणि तिचे कान तापले.

रविकिरण पाटीकडे बघत राहिला. "चार दिवस वर बघून बघून मान आखडलीय माझी," तो अखेर म्हणाला. "पण घरी गेलो तरी वरच बघत बसतो. मामी म्हणते, छताला काय चिकटलंय? आता तिला काय सांगू... मला तुम्ही आवडता. लई. पण मी मिस्त्री माणूस, डाळमिल कुठून आणू?"

"मी डाळ कुठं मागितली?"

तेवढ्यात खालच्या खोलीतला डिटेक्टर किंचाळू लागला. स्वयंपाकघरात येसराचा मसाला भाजता भाजता गुरम्मा दाराला कान लावून उभी होती, आणि इकडे कढईतली धने-मिरची काळी पडून धुराचे लोट उठले होते. क्लासहून परतणाऱ्या मुली फाटकातूनच ओरडत आत आल्या. रविकिरणने धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. सगळे खोकत होते, आणि शिवकन्या खोकता खोकता हसत होती.

अलार्म थांबला. गुरम्माने पदराने डोळ्यांतलं पाणी पुसलं. ते धुराने आलं होतं की कशाने, हे तिने सांगितलं नाही.

"वाजतं म्हणायचं," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "उदगीरला फोन लाव. म्हणावं, येऊ नका."

"अन् तू रे," गुरम्माने रविकिरणकडे बघितलं, "असा काय उभा राहिलास? वरचं शेवटचं बसव जा. चपला काढून जायचं."

"पण मावशी, पाटी..."

"पाटी राहू दे तशीच," ती म्हणाली. "आणि मावशी न्हाई. अव्वा म्हण."