सिंह राशीची बाटली

“विश्वाला वास नसतो,” अप्पा हेर्लेकरांनी जाहीर केलं. “अब्जावधी दीर्घिका, त्यांत अब्जावधी तारे आणि मधे निव्वळ पोकळी. गंध ही पृथ्वीवरची किरकोळ, घरगुती बाब आहे.”

“ती घरगुती बाब मोरीत तुंबलीय,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “तेवढी काढा आधी.”

अप्पांनी विश्व बाजूला ठेवलं आणि मोरीत हात घातला. जाळीखालून केसांचा गुंता निघाला. त्याला भाताची शितं चिकटलेली, आणि शितांना राखाडी, बुळबुळीत असं काहीतरी. प्रमोदिनीबाई पदर नाकाला लावून दारात उभ्या होत्या. अप्पा मात्र तो गुंता बोटांवर तोलत शांत बसले होते. इतकी शांती एक तर संतांना लाभते, नाहीतर ज्यांचं नाक गेलंय त्यांना.

अप्पांचं नाक करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. ताप उतरला, चव थोडीफार परतली, वास काही परतला नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. तीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलेला, रविवारच्या पुरवणीत आकाशावर लिहिणारा माणूस. त्याच्या निरीक्षणाच्या उपकरणांतलं एक बंद पडलंय हे गावाला कशाला सांगा? रोज ताटावर बसलं की ते न चुकता “वा, काय वास सुटलाय” म्हणत. आमटी करपली त्या दिवशीही म्हणाले होते.

हात धुताना त्यांना जांभई आली. प्रमोदिनीबाईंनी लांबूनच त्यांच्या तोंडासमोर चुटकी वाजवली.

“अगं, उघड्या तोंडात शिरणार आहे काय?”

“शिरू नये म्हणून तर वाजवायची,” बाई म्हणाल्या. या विषयावर त्यांच्या घरात चाळीस वर्षांत एवढीच चर्चा झाली होती.

मे महिन्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तालमीच्या व्याख्यानमालेत अप्पांचं भाषण होतं. विषय ताजा होता. गेल्याच महिन्यात बातमी आली होती की अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणीला सिंह राशीतल्या एका ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्यात. ग्रह सव्वाशे प्रकाशवर्षांवर. हा वायू आपल्याकडे समुद्रातले सूक्ष्म जीव सोडतात, त्यामुळे तिकडेही काहीतरी जिवंत असेल, असं काहींचं म्हणणं. बाकीचे म्हणत होते, खूण फार पुसट आहे, इतक्यात पेढे वाटू नका. अप्पा या बाकीच्यांत होते.

पण तालमीच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, “सर, गेल्या साली कृष्णविवरावर ठेवलं आनि निम्मी पोरं घोरली. यंदा कायतरी झणझणीत करा.”

म्हणून अप्पांनी अवकाशातले वास लोकांना हुंगवायचं ठरवलं. लोणच्याच्या बाटल्या धुऊन घेतल्या. एकीत फटाक्याची जळकी दारू, कारण चंद्रावर उतरलेले लोक सांगतात की तिथल्या धुळीला असा वास येतो. दुसरीत फोडलेली अंडी. एका दूरच्या, गुरूएवढ्या ग्रहाच्या हवेत नासक्या अंड्यांचा वायू सापडलाय, त्याची ही सोय. तिसरीत शिजवून ठेवलेला कोबी, कारण डायमिथाइल सल्फाइडचा वास तसाच असतो, म्हणजे हा सिंह राशीतला तो ग्रह. नाक नसलेल्या माणसाला प्रमाण कळत नाही. अंडी गच्चीवरच्या उन्हात आठवडाभर राहिली, त्यांना पिस्त्याचा रंग चढला आणि आतून बुडबुडे यायला लागले. कोबीवर साय धरली. समोरच्या धोंडुबाईंनी घरात उंदीर मेलाय असं समजून कपाटं ओढून झाडली.

चौथी बाटली हा अप्पांचा खोडसाळपणा. एका संध्याकाळी सिंह रास डोक्यावर असताना त्यांनी उकळून वाळवलेली रिकामी बाटली गच्चीवर नेली, तोंड आकाशाकडे करून थोडा वेळ धरली आणि झाकण लावलं. वर चिठ्ठी डकवली: ‘प्रत्यक्ष नमुना’. भाषणाच्या शेवटी ती हुंगायला द्यायची, लोकांना काहीच वास येणार नाही, मग म्हणायचं: पाहिलंत? पुरावा आजच्या घडीला एवढाच आहे.

भाषण रंगलं. पहिल्या रांगेत केरबा होता. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर केरबाच्या म्हशी उभ्या असतात आणि अप्पा रोज संध्याकाळी तिथे ग्लासात काढलेली ताजी धार पितात, त्या नात्याने तो आला होता. बाटल्या आधी त्याच्याकडे गेल्या.

“आवं सर, अंडी हाईत ही,” दुसरी हुंगून तो म्हणाला. “सरळ अंडी म्हणा की. त्या ग्रहाला कशाला बदनाम करताय?”

सभागृह हसलं. कोबीला दोघं उठून बाहेर गेले. मग अप्पांनी चौथी दिली.

केरबाने हसत झाकण काढलं आणि नाक नेलं. हसू तसंच राहिलं. त्याच्या खालचा चेहरा बदलला. त्याने बाटली दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेलं भांडं ठेवावं तशी टेबलावर ठेवली. मग तळवे पँटला पुसले. पुन्हा पुसले.

“सर, ह्यात कोण हाय?”

“कोण काय केरबा? रिकामी आहे ती.”

“न्हाय,” केरबा हळूच म्हणाला. “कोनतरी हाय.”

लोकांना वाटलं, केरबा सरांना सामील आहे. रांग लागली. कट्ट्यावरचे, तालमीतले, बँकेतले, सगळे आले. कोणीही हसलं नाही. ज्याने त्याने हुंगलं आणि हात कशाला तरी पुसला: भिंतीला, खुर्चीला, शेजारच्याच्या पाठीला. एक पैलवान आखाड्याच्या लाल मातीत जाऊन ओकला. कसला वास म्हणून विचारलं तर कोणाला सांगता येईना. कोमट आहे, एक म्हणाला. ओला आहे, दुसरा म्हणाला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बराच वेळ रुमाल चोळत राहिले आणि म्हणाले, “नाक आतल्या बाजूनं कोणीतरी चाटल्यासारखं वाटलं.”

शेवटी प्रमोदिनीबाई आल्या. नवऱ्याचा कार्यक्रम म्हणून त्यांनीही हुंगलं. हात पदराला पुसला. घरी जाताना मात्र अप्पांच्या बरोबरीने न चालता मागून चालल्या, कारण बाटली अप्पांच्या पिशवीत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं.

भाताला तोच वास, असं त्या म्हणाल्या. मग भाकरीला. मग पाण्याला. घास तोंडाशी नेला की घशातून आवाज यायचा आणि त्या मोरीकडे पळायच्या. पोटात काही नसल्यामुळे नुसती पिवळी लाळ, तारेसारखी लोंबती, बोटांनी तोडावी लागायची. डॉक्टर म्हणाले पित्त. पित्ताच्या गोळीलाही तोच वास आला. आठवड्यात बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. त्या फक्त बर्फ चोखायच्या. बर्फाला म्हणे त्यातल्या त्यात कमी येतो.

अप्पांनी बाटली नाकाशी धरून जोरजोरात श्वास ओढले. काही नाही.

“हे बघ, मी हुंगतोय. काहीही वास नाही.”

“तुम्हाला कुठनं येणार?” बाई भिंतीला टेकून म्हणाल्या. “चार वर्षं नाक नाही तुमचं. करपलेल्या आमटीला ‘वा’ म्हणालात, तेव्हाच कळलं. बोलले नाही एवढंच.”

अप्पांनी बाटलीचं झाकण लावून ठेवलं. ते कट्ट्यावर गेले.

तिथेही धड नव्हतं. केरबाने चिंच आणि राख लावून हात सोलवटून घेतले होते, तरी त्याची झुंबर नावाची म्हैस त्याला कासेला हात लावू देत नव्हती. पान्हा चोरत होती. बळंच काढलेलं दूध गिऱ्हाइकांनी तोंडात घेतलं आणि गटारात थुंकलं. अप्पांनी ग्लास घेतला, गटागटा प्यायले.

“चांगलं आहे की.”

मिशीला फेस लागलेल्या अप्पांकडे सगळा कट्टा, ताटात मेलेलं झुरळ बघावं तसा बघत होता.

“सर,” केरबा म्हणाला, “ते परत सोडून या जितनं आनलंय तिथं. माझ्या म्हशी उपाशी मरतील वं.”

सव्वाशे प्रकाशवर्षं जाऊन येणं अप्पांच्या वयाला झेपणारं नव्हतं. त्यांनी बाटली उकळली. ऍसिडने धुतली. उन्हात ठेवली. प्रमोदिनीबाई आतल्या खोलीतून, डोळे मिटून, ती कुठे ठेवलीय ते बरोबर सांगायच्या. शेवटी अप्पांनी ती भंगारवाल्याला फुकट दिली. दुपारी तो परत आला, बाटली पायरीवर ठेवली आणि तसाच गाडा ढकलत निघून गेला. भंगारवाल्याने वस्तू परत आणून दिल्याचं कोल्हापुरात कोणी ऐकलेलं नसावं.

त्या दिवशी लाइट गेली होती. उकाड्याने गल्लीतल्या खिडक्या सताड उघड्या होत्या. आत प्रमोदिनीबाई चटईवर पडून होत्या. बर्फही संपला होता. अप्पांनी बत्ता आणला, पायरीवर बाटली आडवी ठेवली आणि फोडली.

काच फुटली. दुसरं काही झालं नाही.

समोर धोंडुबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. पदर नाकाला गेला.

“अप्पा, काय मारलंसा ओ घरात?” म्हणत त्या आत गेल्या. दार लागलं. मग खिडकी.

मग पलीकडच्या घराची खिडकी लागली.

मग त्याच्या पलीकडची.

अप्पा बत्ता घेऊन बघत राहिले. वास त्यांना येत नव्हता, पण तो कुठे आहे हे आता दिसत होतं. समोरच्या ओळीतल्या खिडक्या एकेक करून लागत चालल्या होत्या, सावकाश, भाड्याने जागा बघत कोणीतरी निवांत चालावं तशा. एकेका घराशी जरा थांबणं. आतून कोणाचं तरी “शी!” मग खिडकी.

गल्लीच्या टोकाला लिंबाखाली झोपलेलं कुत्रं उठलं आणि शेपूट पायांत घालून रस्त्यापलीकडे गेलं.

अप्पांनी श्वास सोडला. वायू पसरतो, विरळ होतो, संपतो. आठवीच्या पुस्तकातला धडा.

मग टोकाची, पण या बाजूची खिडकी लागली.

वायू वळत नाही. हाही आठवीतलाच धडा.

त्याच्या अलीकडची लागली.

मग त्याच्या अलीकडची.

शेजारच्या घराशी जरा जास्त थांबणं झालं. तिथल्या तान्ह्या बाळाने एकदाच रडून आवाज बंद केला. खिडकी लागली.

गल्ली चिडीचूप झाली.

अप्पांना जांभई आली.

त्यांचा हात आपोआप वर गेला, अंगठा आणि मधलं बोट जुळलंसुद्धा. पण विश्वास नसलेली गोष्ट भीतीपोटी करायची नाही, हे त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. त्यांनी हात खाली घेतला.

जांभई लांबली. त्यांच्या नेहमीच्या जांभईपेक्षा बरीच लांबली. शेवटी घशातून काहीतरी कोमट, सायीसारखं, सरकून गेलं.

टोकाची खिडकी उघडली. मग पुढची. सगळी गल्ली खडखडत उघडली.

“अहो,” आतून प्रमोदिनीबाई म्हणाल्या, “गेला हो. भूक लागलीय मला.”

त्या भिंतीला धरून उठल्या आणि पिठल्याला फोडणी टाकायला लागल्या. अप्पांचे डोळे भरून आले. विज्ञानाचा की बत्त्याचा, विजय तो विजय. ते चपला घालून केरबाला सांगायला निघाले.

केरबाने लांबूनच हात हलवला. “सोडला बगा पान्हा झुंबरनं! या, या सर.”

अप्पा जवळ गेले तशी झुंबर दाव्याला हिसडा देऊन मागे सरली. बाकड्यावरची माणसं बोलायची थांबली. एकेक हात नाकाकडे गेला. केरबाने मान वळवून, हात लांब करून ग्लास पुढे केला.

ग्लास ओठाला लागला आणि अप्पांना वास आला.

चार वर्षांनी पहिल्यांदा. दूध कोमट होतं, कुठल्यातरी जनावराच्या आतून आलेलं. त्याला कातडीचा, केसांचा, पोटातल्या आंबलेल्या गवताचा वास होता. जन्मभर आवडीने प्यायलेल्या त्या फेसाने त्यांना ढवळून आलं. त्यांनी ग्लास ठेवला आणि निघाले.

रस्ता वासांनी भरला होता. काखा, दात, खोबरेल, बाळांच्या डोक्यांवरचं चिकट, घाम मुरलेल्या कॉलरी. सगळं ओलं, सगळं गरम, चालता चालता नासत असलेलं. नाक बरं झालं, मज्जातंतू पुन्हा वाढतात, असं कुठेतरी छापून आलं होतं. अप्पा स्वतःला तेच सांगत राहिले. पण माणसांचा वास त्यांना कधीच असा आला नव्हता. किळस येत होती, तीही ओळखीची नव्हती. जन्मात कधी माणूस न बघितलेल्याला यावी, तशी होती.

घरी प्रमोदिनीबाई पिठलं-भात कालवून खात होत्या. आठवड्याभराची भूक, ओठांना पिठलं, बोटांना पिठलं. अप्पा समोर बसले. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचा वास त्यांच्यापर्यंत आला आणि त्यांच्या आत काहीतरी शिसारी येऊन मागे सरकलं.

तरी बातमी चांगलीच होती. वास यायला लागला, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

प्रमोदिनीबाईंचा घास थांबला. त्यांनी ताट उचललं आणि खिडकीशी जाऊन बसल्या. उजव्या हाताने जेवत होत्या. डावा हात मांडीवर होता आणि त्याने त्या अप्पांच्या दिशेने हळूहळू, एकामागून एक, चुटक्या वाजवत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “माझं जेवण होईपर्यंत तेवढं तोंड मिटून बसता का?”