हिरवी कड

या हो मंडळी, जरा पुढं सरकून बसा. टाळ क्षणभर खाली ठेवा. भयाची एक कथा सांगायची आहे.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ मृण्मयी केळुसकर हातमोजे बदलत होती. एक हात अजून उघडाच होता, दुसऱ्यातल्या चिमट्यात कागदाचा एक कपटा. कीर्तन चालू असताना आरतीच्या तबकात तो सापडला होता. त्यावर छापील अक्षरं होती : ‘देऊळ उडवून देऊ.’ उचलला होता कीर्तनकार श्रीधरबुवांनी. उचलणाराच ठेवणारा असेल, या वहिमावर बुवा कोठडीत होते.

बोटांच्या घामातली अमिनो आम्लं कागदात मुरतात. निनहायड्रिन लावून ऊब दिली, की न दिसणारा ठसा जांभळा उमटतो. ही विद्या जुनीच. नवं होतं ते ‘भयदर्शी’ द्रावण. घाबरलेल्या हाताचा स्पर्श असेल, तर ठशाला हिरवी कड येई, आणि न्यायालयं त्या कडेवर विश्वास ठेवू लागली होती.

चिमटा निसटला. कपटा थेट मृण्मयीच्या पावलावर पडला. छातीत धस्स झालं, पण कागद म्हणजे सरस्वती, ही लहानपणची शिकवण. उघड्या हाताने तिने त्याला स्पर्श केला आणि बोटं कपाळाला लावली. मग भान आलं.

कुणी पाहिलं नव्हतं. तिने हातमोजा चढवला. द्रावण लावलं, कागद तापवला.

“बुवांना हिरवी कड!” तिचे वरिष्ठ टिपरे साहेब खूश झाले. “कर नाही त्याला डर कशाला?”

तोवर दुसरा ठसा वर आला, पहिल्याहून गडद हिरवा. यंत्राने नाव दाखवलं : मृण्मयी केळुसकर. तिसरा ठसा नव्हताच.

“साहेब, पायाला लागला म्हणून नमस्कार केला मी...”

“अगं येडे, हे काय देऊळ आहे? तेवढा कोपरा काप. कुणाला कळतंय!”

कापला, तर ती सुटणार आणि बुवा अडकणार. ठेवला, तर सगळ्यात भ्यालेला हात तिचाच. तिने उचललेली कात्री खाली ठेवली.

“मी काही केलं नाही, तरी माझी कड इतकी हिरवी. मग धमकी वाचून बुवांची का नसेल?”

“ते तू कोर्टाला सांगणार? आधी तुलाच आत घालतील.”

“घालू देत,” ती म्हणाली. अख्खा कपटा तिने लखोट्यात घातला, सोबत आपल्या चुकीची कबुली जोडली आणि लाखेची मोहोर दाबली.

दुसऱ्या दिवशी दारात पोलीस उभे होते. निकाल अजून लागायचा आहे. पाप्याचं भय हिरवं आणि निष्पापाचंही हिरवंच. मग त्यातला भेद ओळखायचा कुणी?

मायबाप, देवापुढं दिवा लावाल तेव्हा त्या भेदरलेल्या पोरीचं नाव त्याच्या कानावर घाला.