फोटोतला दहावा

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. त्या खोलीत मी स्वतः होतो.

२००९ सालचा फेब्रुवारी. बुधवारची दुपार. पेनसिल्व्हेनियातलं आमचं हेझलब्रूक बर्फात बुडालं होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी मुलांना जुने फोटो पारखायला शिकवतो. त्या दिवशी मुलं आली नव्हती. होतो फक्त मी आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या लोरेनाबाई पास्को.

त्यांनी १९१२ सालच्या आमच्या बेसबॉल संघाचा फोटो आणला होता. माणसं दहा.

नगरपालिकेच्या भिंतीवरही तोच फोटो आहे.

पण त्यात माणसं नऊ...

दहावे म्हणजे बाईंचे वडील, आंद्रेय. बाई पोटात असताना ते खाणीत उतरले, ते वर आलेच नाहीत. शुक्रवारी संघातल्या खेळाडूंची नावं स्मारकाच्या दगडावर कोरायची होती. स्मारकाच्या समितीने बाईंना तोंडावर सांगितलं होतं, "तुमचा फोटो बनावट. माणूस मागून घुसवलाय."

निकाल मी द्यायचा होता.

नगरपालिकेचा फोटो मी सकाळीच भिंगातून पाहिला होता. ठिपकेच ठिपके. म्हणजे छापलेली नक्कल; कडेचा माणूस छापताना कापला गेलेला असू शकतो.

आता बाईंचा. मी भिंग उचललं.

"माझ्याकडे रोखू नका हं, मास्तर. सुरकुत्या अस्सल आहेत!"

"त्या भिंगाशिवायही दिसतात, बाई."

"मेलं, जीभ मात्र धारदार!"

ठिपका एकही नव्हता. फोटो तिरका धरला. काळ्या भागावर चांदीसारखी झाक आली. ही जुनेपणाची खूण.

उरली जांभळ्या दिव्याची परीक्षा. त्या दिव्याखाली नवा कागद बहुधा निळसर चमकतो, जुना मंदच राहतो. पण त्याला काळोख लागतो.

मी खोलीतला दिवा घालवला. जाड पडदा ओढला. जांभळा दिवा लावून फोटोवर धरला.

कागद चमकला नाही.

सवयीने मी माणसं मोजली.

नऊ.

पुन्हा मोजली...

नऊच. डाव्या टोकाला आंद्रेय उभे होते, तिथे नुसतं कुंपण.

मागे फळ्यांवर आवाज झाला. खट... खट... तळाला खिळे असलेले बूट घालून कुणीतरी सावकाश येत होतं.

आवाज आमच्यापाशी थांबला.

"मास्तर," बाई हळूच म्हणाल्या, "हात किती जड हो तुमचा खांद्यावर."

माझ्या एका हातात दिवा होता.

दुसऱ्या हातात फोटो.

मी पडदा ओरबाडून उघडला. खोलीत आम्ही दोघंच. फोटोत दहा जण.

मी निकाल लिहिला. फोटो अस्सल. माणसं दहा.

शुक्रवारी आंद्रेय पास्को हे नाव दगडावर कोरलं गेलं.

पण त्या दुपारी बाईंनी निकालाच्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या आपला डावा खांदा चाचपत बसल्या होत्या.

"इतक्यात का उघडलात पडदा?" त्या म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा..."

मी घाबरलो होतो.

अजून झोप लागत नाही. तो हात मायेनेच ठेवला होता ना...?