मागे अकरा, पुढे बारा

“मिक्सर चार महिने बंद पडलाय, तो नाही दिसत. जर्मनीचं पाकीट मात्र बरोब्बर दिसतं,” इंदुताई कढईला सांगत होत्या, म्हणजे ऐकायचं ज्योतीरामांनी.

ज्योतीरामांनी ऐकलं आणि ब्लेडने पाकीट उघडलं. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेला माणूस. निवृत्त झाला तरी चिखलीच्या फ्लॅटमध्ये भिंग टेबलावरच. छंद खरं तर मुलाचा, निरंजनचा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचे अस्सल फोटो जमवायचा. पुढे मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. तीन वर्षांपूर्वी पत्र आलं: डेकवरून बेपत्ता. घरात मग तोच शब्द राहिला. पितृपक्षात आजी-आजोबांचं पान वाढलं जाई, त्याचं नाही. फोटो मात्र बाप घेत राहिला.

जर्मनीतल्या या विकणाऱ्याकडच्या फोटोंमागे पेन्सिलीने माणसांचा आकडा लिहिलेला असे. ज्योतीराम मोजून बघत. सवय जाते थोडीच. दिवाळीतल्या फोटोमागे चौदा, डेकवर पंधरा. पंधरावा पार शेपटाला, पाठमोरा. “लिहिणाराच चुकला,” असं म्हणून त्यांनी तो पेटीत टाकला. संक्रांतीला आला तो दुसऱ्याच पाणबुडीचा. मागे नऊ, पुढे दहा. दहावा जरा अलीकडे, जरा वळलेला. तो त्यांनी पुन्हा मोजूनच पेटीत टाकला.

आज मागे अकरा.

दोनदा मोजले. बारा.

अकरा जण बुटांत, हसरे. बारावा समोर तोंड करून, अनवाणी. उजवं पाऊल डाव्यावर ठेवलेलं.

“अगं, जरा इकडे ये.”

“मेल्या माणसांचे फोटो मी नाही बघत.”

“ये म्हणतो ना.”

तो आवाज ऐकून इंदुताईंनी गॅस बंद केला. पदराला हात पुसून भिंगावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच.

“शाळेत प्रार्थनेला असाच उभा राहायचा,” त्या म्हणाल्या. “बाई ओरडायच्या.” मग हळूच, “केस निथळतायत हो त्याचे.”

फोटोखालचा पेपर भिजला होता.

“तुझे हात ओले असतील.”

“कोरडे आहेत.”

ज्योतीरामांनी बोट टेकवून जिभेला लावलं. खारट.

“येईल गं तो,” ते म्हणाले. तीन वर्षं हेच म्हणत आले होते.

“नाही. आपला निरंजन बुडाला हो,” इंदुताई म्हणाल्या. “त्याचं पान न वाढता आपणच त्याला ओल्यात उभं ठेवलंय.”