कोल्ड रूमचं बटण

भुताखेतांच्या गप्पांना मी कायम हसत आले. पण हे घडलंय. माझ्यासमोर. आणि रचून सांगण्यात माझा फायदा काहीच नाही, झालं तर नुकसानच.

परदेशातलं एक विद्यापीठ. नोव्हेंबरमधला शुक्रवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

पीएचडीच्या संशोधनासाठी मी तिथल्या जीवशास्त्र विभागात तीन महिन्यांसाठी गेले होते. तिथल्या सरांनी माझ्या अहवालावर सही केली तरच शिष्यवृत्ती पुढे चालणार होती. नाहीतर चार वर्षं पाण्यात.

तळमजल्यावर कोल्ड रूम होती. खोलीएवढा फ्रिजच म्हणा. नमुने ठेवायला. दार बाहेरून हँडलने उघडायचं, आतून एका हिरव्या बटणाने.

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी आत अडकून मेली होती. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास आत शिरली, सोमवारी सापडली.

हे सरांनी नाही सांगितलं. आजोबांनी सांगितलं. विभागातले म्हातारे तंत्रज्ञ, सगळे त्यांना तिथल्या भाषेत आजोबाच म्हणत.

"सहा वेळा तक्रार लिहिली पोरीने, बटण अडकतं म्हणून. साहेब म्हणाले, जेवत नाहीस का? जोर लाव जरा."

"मग दुरुस्त कधी झालं?"

"ती गेल्यावर. आता नुसतं बोट लावलं की उघडतं."

सोमवारी सरांनी तीच तक्रारवही माझ्यापुढे सरकवली.

"तिच्या घरच्यांनी चौकशी लावलीय. हा रकाना राहिलाय बघ. दुरुस्तीची तारीख टाक, ती असतानाची. खाली 'तपासलं, ठीक आहे' आणि तिची आद्याक्षरं. पोरींची अक्षरं काय, सारखीच."

"सर, पण..."

"अगं, मेलेल्या माणसाचं काय जाणारे? आणि तुझा अहवाल माझ्याच टेबलावर पडलाय ना?"

संध्याकाळी आईचा फोन आला.

"आवाज का बसलाय गं? स्वेटर फोटोपुरता नेलायस का?"

"घातलाय, आई."

तोवर मी लिहून मोकळी झाले होते. तारीख. आणि दोन अक्षरं.

मंगळवार. ३:१०.

टक्... टक्... टक्.

कोल्ड रूमच्या आतून.

धावत जाऊन दार उघडलं. कोणी नाही. फक्त पंख्याची घरघर...

तीही थांबली.

बटण दाबून पाहिलं. चालत होतं.

बुधवार. ३:१०. तीन ठोके. कोणी नाही. बटणाभोवतीच्या पत्र्यावर नखांचे ओरखडे...

काल नव्हते.

गुरुवार. ३:१०. तीन ठोके. समोरच्या भिंतीवर दव धरलं होतं, त्यावर बोटाने लिहिलेली तारीख. मी वहीत टाकलेली. अगदी माझ्या वळणात.

वरून काट मारलेली.

आजोबांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"दार उघडत जा. तिला कुणी उघडलं नव्हतं."

शुक्रवार.

सर खुशीत होते. अहवालावर सही करून माझ्या हातात दिला. "झालं की नाही काम? उगाच भित्री तू." मग शीळ घालत नमुन्यांचा ट्रे आणायला कोल्ड रूममध्ये गेले.

दार मिटलं.

३:१०.

ठोके...

मी कानात इअरफोन घातले. आवाज वाढवला. पाच वाजता बॅग उचलून निघाले.

सर सोमवारी सापडले.

बटण वीस वेळा तपासलं. वीसही वेळा दार उघडलं.

पोलिसांना मी सांगितलं, "तसा आवाज रोजच यायचा. मला वाटलं, तोच." त्यांनी लिहून घेतलं: पाइपचा आवाज. आजोबा कोपऱ्यात उभे होते. माझ्याकडे बघत राहिले.

तुम्हालाही एवढंच सांगून थांबणार होते.

पण रोजचे ठोके तीन असायचे. सावकाश.

त्या दिवशीचे मोजता येत नव्हते. मधेच माझ्या नावाने हाक येत होती. सरांच्या आवाजात.

इअरफोन मी नंतर घातले. आधी दारापाशी गेले होते. हँडलला हातही लावला होता.

तिथे आधीच कुणाचा तरी हात होता...

गार. बारीक. पोरीचा.

जोर फारसा नव्हता त्यात. मला सहज बाजूला करता आला असता.